पाल छतावर नसते

“पुस्तक टेबल चालू आहे.”

फळ्यावर ‘द बुक इज ऑन द टेबल’ लिहून मी मुलांना अर्थ विचारला होता. त्याला आलेलं हे पहिलं उत्तर. देणारा चौथीतला, एरवी अगदी चलाख. त्याला इथं छोटू म्हणते. मी विचारलं, “चालू कुठून आणलंस?” त्यानं शांतपणे भिंतीवरच्या बटणांकडे बोट दाखवलं. “ऑन म्हणजे चालू ना, काकू. ऑफ म्हणजे बंद.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पंखा ऑन कर, पाण्याची मोटर ऑन आहे का बघ, नेट ऑन ठेव, हे त्याच्या घरात रोज दहादा ऐकू येतं. हा शब्द त्याला आधीच माहीत होता. मला शिकवायचा होता तो दुसराच, पण तोही याच नावाचा.

मी शिक्षिका नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, 2020 साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. ठाण्याच्या लोकमान्य नगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे, ते संध्याकाळी रिकामंच असतं. शेजारच्या चाळीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी एकदा म्हणाल्या, “ताई, तुम्ही फोनवर इंग्रजी बोलायच्या ना? आमच्या पोरीला जरा वाक्यं करायला शिकवा.” एकीची तीन झाली, तिनाची सात. सगळी मराठी शाळेतली, तिसरी ते पाचवीची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. यांना पहिलीपासून आहे, महाराष्ट्रात 2000 सालापासूनच तसं झालंय. त्यामुळे शब्द यांना आमच्यापेक्षा किती तरी जास्त येतात. अंबरेला, एलिफंट, रेफ्रिजरेटर सगळं येतं. पण छत्री कुठं आहे ते सांगायला लागलं की गाडी अडते.

मी ठरवलं की काही आठवडे फक्त ‘ऑन’ घ्यायचा. ‘द’ सुद्धा मध्ये आणायचा नाही. कोणी ‘ऑन टेबल’ म्हटलं तर म्हणू दे.

पहिला आठवडा शब्दांच्या जागा लावण्यातच गेला. मुलं सर्रास ‘टेबल ऑन’ लिहायची. लिहिणारच. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, आधी टेबल येतं आणि मागून ‘वर’ त्याला जोडतो. शाळेत त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून पाठही करून घेतात. शिवाय जोडताना आधीचा शब्द मोडून घ्यावा लागतो. टेबलचं टेबला, घोड्याचा तर आकारच जातो, ‘घोडावर’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत यातलं काहीच नाही. ‘ऑन’ पुढे उभा राहतो, टेबल जसंच्या तसं मागे.

हे तोंडानं सांगून काही होईना, तेव्हा मी पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या आणि मुलांना रांगेत उभं केलं. मराठीच्या रांगेत ‘वर’ची पाटी घेतलेली मुलगी टेबलवाल्याच्या मागे, त्याचा शर्ट घट्ट धरून. इंग्रजीच्या रांगेत ‘ऑन’वाला टेबलच्या पुढे, हात मोकळे. छोटू बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, “काकू, वर म्हणजे गार्डाचा डबा आणि ऑन म्हणजे मोटरमनचा.” ठाण्याच्या पोरांना याहून सोपं काय सांगणार? त्यानंतर कोणी ‘टेबल ऑन’ लिहिलं की बाकीचे ओरडायचे, “मोटरमन मागे राहिला!” हा प्रश्न तिथंच मिटला. पुन्हा त्यावर तास घ्यावा लागला नाही.

खरी फजिती पुढे झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. मी मुलांना सांगून बसले होते की ऑन म्हणजे वर. मलाही तसंच शिकवलं होतं. सगळ्यांनाच तसं शिकवतात.

दुसऱ्या आठवड्यात चित्र काढून खाली वाक्य लिहायला दिलं. वहिनींच्या मुलीनं लिहिलं, ‘द फॅन इज ऑन माय हेड’. चित्रात खुर्चीवर बसलेली मुलगी आणि वर छताचा पंखा. डोक्यावर पंखा, म्हणजे ऑन. मी फळ्यावर एक डोकं काढलं आणि त्यावर तीन पाती टोपीसारखी चिकटवली. “तू लिहिलंयस त्याचं चित्र हे.” वर्ग लोटपोट झाला. तिलाही हसू आलं, पण हसताहसता तिनं विचारलं, “मग डोक्यावर पंखा असतो ते काय?” मी ‘अबव्ह’ सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की तिला फसवल्यासारखं वाटतंय. परवा काकू म्हणाल्या वर म्हणजे ऑन, आज म्हणतात अबव्ह.

त्याच संध्याकाळी पाल आली. ट्यूबलाइटपासून वीतभर अंतरावर, छताला चिकटून. मुलांचं लक्ष उडालंच होतं, म्हणून मी म्हटलं, हिच्यावरच वाक्य करा. लिझर्ड शब्द सगळ्यांना येत होता. पण एकानंही ऑन लावला नाही. ‘अंडर’ आला, ‘डाउन’ आला, एकानं ‘इन’ करून बघितला. मी म्हटलं, “ऑन द सीलिंग. पाल छतावर आहे.”

“छतावर नाहीये काकू,” पाचवीतला चष्मेवाला म्हणाला. “छतावर पहिल्या मजल्यावरच्या आजी राहतात.”

मी गप्प. पोरगं शंभर टक्के बरोबर बोलत होतं. पाल छतावर नसतेच. छताला असते.

त्या रात्री मी पोळ्या लाटत हाच विचार करत होते. ‘वर’ नावाच्या पिशवीत दोन गोष्टी आहेत. एक टेकलेली, एक अधांतरी. टेबलावरचं पुस्तक टेकलेलं आहे, डोक्यावरचा पंखा अधांतरी. मराठीला त्यानं काही फरक पडत नाही, दोन्हीला वरच. इंग्रजीचा ‘ऑन’ मात्र टेकल्याशिवाय बोलत नाही. बरं, टेकलेलं असलं की मग ते वरून टेकलंय, बाजूनं टेकलंय की खालून, हे तो विचारत नाही. म्हणून पाल चालते. माझं नोकरीतलं इंग्रजी कामापुरतं बरं होतं, पण ही गोष्ट मी कधी स्वतःशी अशी मांडली नव्हती.

पुढच्या तासाला टेकण्यापासून सुरुवात केली. स्टीलचा डबा आणि चेंडू. चेंडू डब्याच्या झाकणावर ठेवला, ऑन. बोटभर उचलला, नॉट ऑन. नुसता तेवढा खेळ दहा मिनिटं. मग पिठाची ओली गोळी करून डब्याच्या बाजूला चिकटवली. मुलं थांबली, एकमेकांकडे बघितलं, आणि एक मुलगी हळूच म्हणाली, “ऑन?” मग डबा उलटा धरला, गोळी खालच्या बाजूला लोंबत. “ऑन!” सगळी ओरडली. गोळी पडली. “नॉट ऑन!” ही गोळी सात जणांनी मिळून इतक्या वेळा चिकटवली की शेवटी काळी पडली.

पण वाक्य लिहायची वेळ आली की डोकं मराठीतच चालतं, आणि डोक्यात ‘वर’ शोधायची सवय. त्यावर उपाय मला सापडला नाही, मुलांनाच सापडला. मार्चचे दिवस होते, आवारातल्या आंब्याच्या झाडाला कैऱ्या धरल्या होत्या. मुलांचा अर्धा जीव खिडकीबाहेर. मी म्हटलं, करा वाक्य. वहिनींच्या मुलीनं लिहिलं, ‘द मँगो इज ऑन द ट्री’. बरोबर. मी सहज विचारलं, “कशावरून ऑन? मराठीत काय म्हणशील?” ती म्हणाली, “झाडाला कैरी.” आणि मग स्वतःच, “पालीसारखं. छताला पाल, झाडाला कैरी.”

ते ऐकून मी खडू खाली ठेवला. मराठीत आपण चिकटलेल्या, लागलेल्या, अडकवलेल्या गोष्टीला ‘ला’ लावतो. झाडावर कावळा बसतो, पण झाडाला कैरी लागते. कावळा उडून जाणार, कैरी नाही, हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे. मग मुलांनी जो सपाटा लावला! दाराला कुलूप, दाराला तोरण, शर्टाला बटण, खुंटीला पिशवी, बोटाला पट्टी, छताला पंखा. एकेक तपासत गेलो आणि सगळीकडे ऑन बसत गेला. पंखासुद्धा. डोक्याशी त्याचं नातं अबव्ह, पण छताशी ऑन. परवा फसवल्यासारखा चेहरा केलेल्या मुलीला हे फार आवडलं. तिनं दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून चौकट केली. मजा म्हणजे कावळ्याचं इंग्रजीत उलट होतं. पानांत फांद्यांत बसलेल्या पक्ष्याला इंग्रजी सहसा ‘इन द ट्री’ म्हणतं. ते मी फक्त चष्मेवाल्याला सांगितलं, कारण त्यानंच विचारलं होतं.

म्हणजे ऑन अर्धा ‘वर’ आहे आणि अर्धा ‘ला’. हे मला कुठल्या गाइडमध्ये दिसलं नाही. गाइडं मी मुलांच्या दप्तरातून काढून चाळली होती. त्यांत चेंडू नेहमी पेटीत, पुस्तक नेहमी टेबलावर आणि मांजर नेहमी टेबलाखाली. मुलांना हे इतकं पाठ की मी टेबलावर बसलेलं मांजर काढून गाळलेली जागा भरायला दिली, तर सातपैकी पाच जणांनी ‘अंडर’ लिहिलं. चित्राकडे कोण बघतो! मांजर म्हणजे अंडर.

‘ला’चा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी छोटूच्या वहीत वाक्य होतं, ‘आय गो ऑन स्कूल’. मी शाळेला जातो. ला आहे, ऑन लावला. मग सांगावं लागलं की जाण्याचा ला वेगळा, देण्याचा वेगळा, आपल्याला फक्त चिकटण्याचा हवा. “मग आधी चिकटतंय का ते बघायचं, ला नंतर,” छोटू म्हणाला. मी म्हटलं, असंच कर.

यानंतर अंगाची वाक्यं घेतली, तिथं आणखी घोळ. अंगठी कुठं असते? बोटात. चप्पल? पायात. बांगड्या हातात. आपल्याकडे सगळं ‘आत’, आणि आतला ‘इन’ मुलांना चोख येत होता. ‘रिंग इन माय फिंगर’. त्यावर मी बोटाचं चित्र काढून अंगठी कातडीच्या आत, हाडापाशी दाखवली. मुली किंचाळल्या. इंग्रजी डोळ्यांनी बघितलं तर अंगठी बोटाच्या बाहेरून टेकलेली, पायताण पायाच्या बाहेरून, म्हणून ऑन. “पण काकू, बोट अंगठीत असतं खरं तर,” चष्मेवाला म्हणाला. “मग अंगठी बोटात कशी?” याला मी काय उत्तर देणार? मीही आयुष्यभर बोटात अंगठी घालत आले.

एका आईची तक्रार आली. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जातात त्या, साडेसातला मुलाला न्यायला यायच्या. “ताई, व्याकरण शिकवताय ना? हा घरी नुसतं पाल आणि पिठाची गोळी करतोय. नियम लिहून द्या ना, पाठ करील.” त्यांचं बरोबरच होतं, परीक्षेत पाल येणार नव्हती. मी म्हटलं, “महिनाभर थांबा.” मनात मात्र धाकधूक होती, कारण यापुढचा ऑन चिकटणारा नव्हता.

तो म्हणजे गाड्यांचा ऑन. बसमध्ये आहे, ट्रेनमध्ये आहे याला इंग्रजीत ऑन द बस, ऑन द ट्रेन. मी फळ्यावर लिहिताक्षणी हात वर झाला. “टपावर?” दुसरा म्हणाला, “ट्रेनच्या टपावर शॉक लागतो.” तिसऱ्यानं आकडाही सांगितला, 25,000 व्होल्ट, बरोबर सांगितला. त्याचा काका कळवा कारशेडमध्ये कामाला आहे. मी म्हटलं, टपावर कोणी जायचं नाही, आतच बसायचं, तरी ऑन. मग रिक्षा? रिक्षा ‘इन’. हे ऐकून वर्गात बंडच झालं. दोन्हींत आतच बसतो, मग एकीला ऑन आणि दुसरीला इन कसं?

मला जो ठोकताळा माहीत होता तो सांगितला. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथं ऑन. बस, ट्रेन, जहाज, विमान. जिथं वाकून शिरायचं आणि शिरलं की बसूनच राहायचं तिथं इन. रिक्षा, टॅक्सी, मोटार. सायकलवर, घोड्यावर टांग टाकून बसतो, तिथं सरळ ऑन, मराठीसारखाच. मुलांनी लगेच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तलावपाळीची पॅडलबोट? वाकून बसायचं, उभं राहिलात तर मसुंदा तलावात पडाल, म्हणून इन. टीएमटीची मिनीबस? ऑन. “आणि सकाळची आठची फास्ट?” छोटूनं विचारलं. “तिच्यात चालता कुठं येतं?” यावर मी नियमाच्या बाजूनं फारसं लढले नाही. ऑन म्हण, म्हटलं, रात्री रिकामी झाली की येतं चालता.

स्टेशनचा प्रश्नही इथंच निघाला, कारण आपण स्टेशनवर म्हणतो, फलाटावर म्हणतो. फलाट पायाखाली असतो, ऑन द प्लॅटफॉर्म. स्टेशन ही भेटायची जागा, ॲट. हे मला स्वतःच्या अनुभवावरून चांगलं आठवतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका इंग्रजी बोलणाऱ्या बाईंना मी सांगितलं होतं, “सर इज नॉट ऑन हिज प्लेस.” साहेब जागेवर नाहीत. आपल्या प्रत्येक कचेरीत दिवसातून पन्नासदा म्हणतात ते वाक्य, शब्दाला शब्द. बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “देन हूज प्लेस इज ही ऑन?” त्याचा अर्थ मला घरी जाताना लोकलमध्ये लागला. ‘ॲट हिज डेस्क’ म्हणायला हवं होतं. मुलांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती आपापल्या घरी जाऊन सांगितली, हे मला नंतर वहिनींच्या हसण्यावरून कळलं.

शेवटी राहिले वार आणि तारखा. इथं चिकटणं नाही, चालणं नाही. पण मराठीत काय काय लागतं बघा. सोमवारी, सोळा तारखेला, दसऱ्याच्या दिवशी, आणि सरकारी कागदावर असलं तर ‘रोजी’. चार तऱ्हा. इंग्रजीत सगळ्या दिवसांना एकटा ऑन. “इंग्रजी आळशी आहे,” चष्मेवाल्यानं निकाल दिला.

यासाठी वाक्य मी घरचंच घेतलं. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, 16 एप्रिल 1853 रोजी. चौतीस किलोमीटर अंतर, 14 डबे, सुमारे 400 माणसं, ओढायला तीन इंजिनं. इंजिनांची नावं सांगितली, साहिब, सिंध आणि सुलतान. मग पुढची 10 मिनिटं कोण साहिब होणार आणि कोण सुलतान यावर भांडण. सिंध व्हायला कोणीच तयार नव्हतं. भांडण मिटल्यावर फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. इन 1853. इन एप्रिल. ऑन 16 एप्रिल. ऑन सॅटर्डे, कारण तो वार शनिवार होता. वर्ष आणि महिना मोठे डबे, त्यांच्या आत शिरायचं, म्हणून इन. दिवस हा एकच, त्यावर बोट ठेवता येतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी प्रत्येकाला तारखेच्या चौकोनावर बोट टेकवायला लावलं. हे कारण व्याकरणाच्या पंडिताला पटेल की नाही कोण जाणे, पण बोट टेकवलेली तारीख मुलं चुकत नाहीत, एवढं मी बघितलंय. वहिनींच्या मुलीनं स्वतःच्या वाढदिवसाच्या चौकोनावर पेननं टिंब काढलं. सोसायटीचं कॅलेंडर होतं, सेक्रेटरींनी विचारलं, मी सांगितलं माहीत नाही.

मग चष्मेवाल्यानं विचारलं, “ती 400 माणसं ऑन द ट्रेन होती का इन?”

“ऑन.”

“तेव्हा चालता येत असेल आत.”

वार्षिक परीक्षेत काय झालं ते वेगवेगळं. पाच जणांचे गाळलेल्या जागांचे सगळे गुण आले. छोटूनं एका ठिकाणी ऑन लिहिला तो चूक धरला गेला. चित्र बघितलं तर भिंतीवर घड्याळ होतं, वाक्य होतं ‘द क्लॉक इज ब्लँक द वॉल’, आणि छापील उत्तर ‘ॲट’. मी त्याला सांगितलं, तुझंच बरोबर. त्याच्या आईला म्हटलं, हवं तर मी येते बाईंशी बोलायला. त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, एका मार्कासाठी कुठं.” मला ते अजून खटकतं. त्याला मात्र काही वाटलं नव्हतं. “पाल असती तर मीच म्हटलं असतं बाईंना,” तो म्हणाला.

मेच्या सुट्टीत वर्ग बंद होता. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, मागून खडखडाट.

“काकू, आय ॲम ऑन द ट्रेन.”

वहिनींची मुलगी. आईबरोबर कल्याणला मामाकडे निघाली होती. मी म्हटलं, “व्हेरी गुड.”

“अँड मम्मी इज...” ती अडली. “काकू, मम्मी आणि मी दारात आहोत. दारात काय लागेल, ऑन की इन?”

“आधी दोघी आत सरका,” मी म्हटलं, “मग सांगते.”